तहसीलीसमोरचं झेरॉक्स: चार तारे, पाचवा नकाशानं खाल्ला

दुकानाचं नाव टाकत नाही. दुकानवाल्या पोट्ट्यानंच हात जोडले, "बाई, तारे कितीबी द्या, पण नाव नका टाकू. कोनाच्या डोळ्यावर आलो तं गेटपासचं काम जाते माहं." त्याचंही बरोबर आहे. खाणीवरच्या पोरांचे गेटपासचे फॉर्म, ट्रकांचे कागद, सातबारा, पीकविम्याच्या पावत्या आणि मधूनच आमच्यासारख्यांचे हरकतीचे अर्ज, सगळं एकाच मशीनमधून निघतं. दुकान ओळखायचंच असेल तर तहसीलीच्या फाटकासमोर उभं राहा. निळी ताडपत्री, एका बाजूला पानठेला, दुसऱ्या बाजूला टेबल मांडून बसलेले नोटरी वकील. तेच.

मी ३० वर्षं अंगणवाडी सेविका होते. रजिस्टरं, तक्ते, अहवाल, त्यांच्या तीन-तीन प्रती यातच जन्म गेला. त्यामुळे झेरॉक्सची पारख मला आहे असं समजायला हरकत नाही. चांगलं झेरॉक्स म्हणजे शिक्का वाचता येतो, कडेची ओळ कापली जात नाही आणि पाठपोट काढताना मागचं पान उलटं येत नाही. या तिन्हीत हे दुकान पास आहे. पण मी इथं पहिल्यांदा गेले ती झेरॉक्ससाठी नाही, सीडीसाठी.

गावापासून दीड किलोमीटरवर कोळशाची उघडी खाण आहे. ती वाढवायची होती, म्हणून जनसुनावणीची नोटीस लागली. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १४ सप्टेंबर २००६ ची एक अधिसूचना आहे. तिच्याप्रमाणे सुनावणीआधी निदान ३० दिवस नोटीस द्यावी लागते, एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या पेपरात जाहिरात द्यावी लागते, आणि खाणीनं काय-काय होईल त्याचा अहवाल लोकांना वाचायला ठेवावा लागतो. जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, उद्योग केंद्रात, पंचायतीत. आमच्याकडे आला. एक जाडजूड फाईल आणि एक सीडी. फाईल कपाटात, आणि कपाटाची चावी ज्यांच्याकडे ते पोरीच्या लग्नाला गेलेले. सीडी मात्र टेबलावर होती. तिच्यावर चहाचा कप ठेवलेला होता.

ती सीडी पुसून घेतली आणि फिरले. पुतण्याच्या लॅपटॉपला सीडीचं खोबणच नाही. मोबाईलवाला हसला. शाळेतला कॉम्प्युटर चालू होईना. माझ्या भाचीनं बी.एस्सी.च्या पोरींच्या ग्रुपवर विचारलं तर एकीनं उत्तर टाकलं, "सीडी म्हणजे ती गोल?" यात नऊ दिवस गेले. तीसातले नऊ. २०२० साली या अधिसूचनेच्या जागी नवी आणायचा मसुदा निघाला होता, त्यात लोकांना द्यायची मुदत ३० वरून २० दिवसांवर आणायची होती. तो मसुदाही आधी इंग्रजी-हिंदीतच होता, दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये करा. मुदत ठरवणाऱ्यांनी एकदा आमच्या तालुक्यात सीडी घेऊन फिरून पाहावं, एवढंच म्हणते.

दहाव्या दिवशी या दुकानात गेले. टेबलाखाली, पायाशी, पिवळा पडलेला एक जुना डबा. पोट्ट्यानं गुडघे टेकून सीडी आत सरकवली. घरघर, घरघर. "बाई, चालून तं राह्यली, पण दम लागते तिले." अर्ध्या तासानं फाईल उघडली. त्या अर्ध्या तासाचे पैसे त्यानं घेतले नाहीत. पहिला तारा तिथं मिळाला.

अहवाल ४१२ पानांचा. भाव असा: एका बाजूची काळी प्रत २ रुपये, पाठपोट ३, स्पायरलचे ४०. पाठपोट २०६ कागदांचे ६१८ झाले, दोन भागांत बांधणी म्हणून ८०, एकूण ६९८. गावात ३५ घरांनी २०-२० रुपये काढले होते, ते ७०० झाले. दोन रुपये सुटे नव्हते म्हणून दोन चॉकलेटं दिली. लाईन जात-येत होती, त्यामुळे काम दोन दिवस चाललं, पण पान एकही गळालं नाही. मी घरी आल्यावर सगळे आकडे तपासले. सवय आहे.

स्पायरलबद्दल तक्रार आहे. दुसऱ्या भागाची तार महिनाभरातच खालून सुटली आणि पानं पिकल्या बोंडासारखी बाहेर आली. जाड दस्तऐवज असेल तर तीन भाग करा म्हणावं, दोनात भागत नाही.

अहवाल इंग्रजीत, पण मराठी सारांश सोबत द्यावाच लागतो, तो होता. त्याचं मराठी कोणी केलं माहीत नाही. कोळसा काढण्याआधी वरची जी माती-दगड खोदून ढीग लावतात त्याला आमच्याकडे लहान पोरगंही 'ओबी' म्हणतं. ओबीचा ढिगारा, ओबीवर चढू नको, असं. सारांशात त्याला 'अधिभार' म्हटलं होतं. "अधिभाराची उंची वाढणार" हे वाचून आमच्या शेजारच्या काकाजींना वाटलं, लाईट बिल वाढून राह्यलं. पुढं तर 'फरार धूळ' होती. रस्त्यावरून, ढिगाऱ्यावरून जी उडते ती. धूळ फरार कशी होईल? ती तर रोज घरात येऊन बसते, तुळशीवर, पापडावर, तान्ह्या लेकराच्या पाळण्यावर. पोट्ट्याला हे वाचून दाखवलं तर तो मशीन बंद करून हसला.

त्या जुन्या कॉम्प्युटरवर शब्द शोधायची सोय आहे, तीही त्यानंच दाखवली. 'सस्टेनेबल' टाका म्हटलं. ३१ ठिकाणी निघालं. मग विहीर शोधा म्हटलं, इंग्रजीत 'वेल'. दोनशेच्या वर. मी खूश झाले, म्हटलं बाप्पा, एवढा विचार केला आमच्या विहिरींचा! भाचीनं सांगितलं की इंग्रजीत 'तसेच'लाही वेल लागतो आणि 'चांगलं'लाही. हातानं मोजल्या तर पाण्याच्या विहिरी आठच जागी. शाश्वत विकास ३१ वेळा, विहीर ८ वेळा. हा हिशोब मी हरकतीत पहिल्या मुद्द्यावर लिहिला. भाची म्हणाली, मावशी, याला हरकत नाही म्हणत, टोमणा म्हणतात. पण काढला नाही.

सहा रात्री वाचलं. अंगणवाडीत दंडाला पट्टी लावायचो, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आली की लाल, लेकरू तीव्र कुपोषित. हवेलाही अशी लाल रेघ आहे हे मला या अहवालात कळलं. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत बारीक धुळीची, म्हणजे पीएम १० ची, २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, वर्षाची सरासरी ६०. आमच्या भागासाठी हे काही नवं दुखणं नाही. त्याच २००९ साली केंद्रीय प्रदूषण मंडळानं देशभरच्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले होते, त्यात चंद्रपूरला ८३.८८ पडले आणि देशात चौथा नंबर आला. दहावीच्या पोराला तेवढे पडले तर पेढे वाटतात. इथं ७० च्या वर गेलं की अतिप्रदूषित.

दुसरी गोष्ट कळली ती अशी की अभ्यास एकाच हंगामाचा केला तरी चालतो, फक्त पावसाळ्याचा नको. या अहवालाचा हंगाम होता मार्च ते मे. म्हणून आमचा नाला त्यात 'हंगामी, कोरडा' असा आला. मे महिन्यात येऊन नाला पाहिला तर कोरडाच दिसणार ना जी? श्रावणात या, पलीकडच्या वावरात जायला मला दोन किलोमीटरचा फेरा पडतो. पोळ्याला बैल त्यातच धुतात. जानेवारीपर्यंत धार असते, पुढं डोहात जनावरापुरतं राहतं.

आता नकाशाचं सांगते, कारण पाचवा तारा तिथंच गेला.

अहवालात सात रंगीत नकाशे होते. खाणीपासून दहा किलोमीटरचा घेर, गावं, नाले, जंगल, नवी हद्द. पोट्ट्यानं ते बाकीच्या पानांसारखेच काळे काढले, मोठ्या कागदाचे छोटे करून. त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. काळ्या नकाशात खाणीची हद्दही काळी रेघ, नालाही काळीच रेघ. मी नाला समजले ती हद्द होती आणि हद्द समजले तो रस्ता. त्या हिशोबानं खाण नाल्याच्या पलीकडेच थांबत होती. म्हणून नववा मुद्दा मी लिहिला, "नाल्याजवळ झाडं लावावीत." झाडं!

टायपिंग दुकानातच केलं. तिथं एक ताई बसते, पानाचे ३० रुपये, हात फार चालतो तिचा आणि ऱ्हस्व-दीर्घ माझ्यापेक्षा चांगलं. अकरा मुद्दे, चार पानं, १२० रुपये. फक्त ती जुन्या फॉन्टमध्ये टाईप करते. छापलं तर सुंदर, पण ईमेलनं पाठवायला गेलो तर भाचीच्या मोबाईलवर नुसत्या किडामुंग्या. ज्यांना सुनावणीला येणं जमत नाही त्यांना लेखी हरकत पाठवता येते. गावातले आठ-दहा जण कामाला पुण्याला आहेत, त्यांच्यासाठी हे लागणार होतं. पोट्ट्यानं रात्री बसून सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही मोबाईलवर वाचता येतं त्या अक्षरांत, बदललं, सकाळी नऊला पाठवलं. 'क्ष' सगळीकडे बिघडला होता, तो हातानं नीट केला. तुम्ही गेलात तर आधीच सांगा, "युनिकोडमध्ये करा." आपण सांगितलं तर ते करतात, स्वतःहून विचारत नाहीत. या दुकानाचा हाच स्वभाव आहे.

सुनावणी मांडवात झाली. कोरम वगैरे लागत नाही तिला, दोघं आले तरी चालते, पण आमचा मांडव भरला होता. मोठे अधिकारी अध्यक्ष, कॅमेरा लावलेला, कारण पूर्ण कामकाजाचं चित्रीकरण बंधनकारक आहे. कंपनीच्या सल्लागारानं पडद्यावर नकाशा लावला. रंगीत. नाला निळा, हद्द लाल. आणि लाल रेघ निळ्या रेघेला जिथं ओलांडत होती ती जागा मी बसल्या बसल्या ओळखली. बाया धुणं धुतात तो मोठा दगड तिथं आहे. माझ्या हातात चार पानं, त्यात नववा मुद्दा झाडांचा.

माझी पाळी आली तेव्हा मी कागद मिटला आणि तोंडीच बोलले. धुळीनं कापूस काळवंडतो, व्यापारी बोंडं हातात घेऊन फुंकर मारतो आणि क्विंटलमागे शंभर-दोनशे पाडतो, हे आधी तिघांनी सांगितलंच होतं. मी फक्त नाल्याचं बोलले. कुठून येतो, कधी वाहतो, पोळ्याला काय असतं, दगड कुठं आहे. सल्लागार म्हणाले, "मॅडम, तो हंगामी आहे." मी म्हटलं, कापूसही हंगामीच आहे.

शेवटी कार्यवृत्त वाचून दाखवतात. हा नियम लक्षात ठेवा. लोक काय बोलले त्याचा गोषवारा त्याच दिवशी, तिथंच, लोकांच्या भाषेत वाचावा लागतो, मगच अधिकारी सही करतात. तोवर निम्मा मांडव रिकामा झाला होता, भाजी-पुरीकडे गेला होता. मी बसून राहिले. धूळ आली, रस्ता आला, नोकऱ्या आल्या, ब्लास्टिंगनं भिंतींना गेलेल्या भेगा आल्या. नाला नाही. उभी राहिले, "साहेब, नाला राहिला." लिहिणाऱ्यानं मान वर केली नाही. पुन्हा म्हटलं. मग अध्यक्ष साहेबांनीच सांगितलं, लिहा. लिहिलं, वाचून दाखवलं, सही झाली.

दुसऱ्या दिवशी त्याच नकाशाची काळी प्रत पोट्ट्यापुढं टाकली. त्यानं सीडी परत लावली, एक नकाशा रंगीत काढला आणि दोन्ही शेजारी ठेवून बराच वेळ पाहत राहिला. म्हणाला, "बाई, रंगीत पानाचे १० आहेत. सातचे ७० झाले असते. मले वाटलं तुमी नाही म्हनसान." म्हटलं असतं कदाचित. वर्गणीतले दोनच रुपये उरले होते आणि त्यांची चॉकलेटं माझ्या भाचीनं खाल्ली होती.

काही महिन्यांनी मंजुरी आली. अटींसकट. नाल्याच्या बाजूनं अंतर सोडावं, बांध घालावा, अशी त्यात एक अट आहे. माझ्या बोलण्यानं आली की आधीपासून सगळ्या पत्रांत छापलेली असते, देव जाणे. बाहेरच्या नोटरी वकिलांनी आम्हाला बसवून समजावलं. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील होतं, २०१० चा कायदा, आपल्यासाठी खंडपीठ पुण्यात. मुदत ३० दिवस, उशिराचं कारण पटलं तर आणखी ६०. भरपाई मागितली नाही तर शुल्क हजार रुपये. सल्ल्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत, चहा आम्ही पाजला. दुकानातल्या कॅलेंडरवर पोट्ट्यानं तिसाव्या दिवसाला पेनानं गोल केला. आम्ही गेलो नाही. वेचणीचे दिवस होते, पुण्याला जायचं कोणी यावरच तीन बैठका झाल्या. तो गोल अजून त्या कॅलेंडरवर आहे, महिना बदलला तरी त्यानं पान फाडलं नाही. का ते विचारलं नाही.

पण अटींचं पत्र मी सोडलं नाही. कंपनीला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटी पाळल्या का याचा अहवाल द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक असतो. मागायला माहिती अधिकाराचा अर्ज, त्याला १० रुपयांचं तिकीट. (दुकानात ते १२ ला मिळतं. अर्धा तारा यासाठी कापणार होते, पण कोषागाराची रांग आठवली.) अटींत असंही आहे की आसपासच्या विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजायची: मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, जानेवारी. मग मीही मोजते. दोराला हात-हातावर गाठी मारल्या आहेत, टोकाला पितळी गडू. जुन्या वजनाच्या रजिस्टरमध्ये पानं उरली होती, त्यात मुलाच्या नावाच्या रकान्यात विहिरीच्या मालकाचं नाव लिहिते आणि वजनाच्या रकान्यात खोली. अकरा विहिरी झाल्या. चारदा भरलं की रजिस्टरची प्रत काढायला याच दुकानात जाते, आणि आता तो आपणहून विचारतो, "बाई, रंगीत काढू का काळं?" रजिस्टरमध्ये रंग काही नाही, निळी शाई आहे तेवढीच. तरी विचारतो.

एक गोष्ट मात्र मी सांगितली नव्हती, त्यानं स्वतःहून केली. त्या अटींच्या पत्राची एक स्वच्छ प्रत तो प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये मशीनच्या वर ठेवतो. नाल्याच्या खालच्या अंगाच्या गावांतले लोक येतात, "ते अटीवालं पान द्या" म्हणतात. पूर्ण पत्र पाठपोट आठ कागद, २४ रुपये. नुसतं पाण्या-धुळीचं पान हवं असेल तर २ रुपये. मागच्या खेपेला गेले तेव्हा फोल्डरमध्ये आमचा रंगीत नकाशाही होता. तो १० रुपयांना देतो.

सोमवारी बाजार असतो, जाऊ नका. दुपारी दीड ते अडीच ताई जेवायला जाते, टायपिंग बंद. नकाशा असेल तर तोंडानं सांगा, रंगीत. सुटे पैसे न्या, नाहीतर चॉकलेटं मिळतात.